मोठा आकडा महिन्याचा

तिलकुमारी घर्तीला जपानात येऊन आठ वर्षं झाली होती, आणि या आठ वर्षांत तिच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. तिथली माणसं वाईट बातमीसुद्धा खालच्या आवाजात, जरा वाकून देतात. त्यामुळे शुक्रवारी दुपारी एक वाजता कुरिहाराबाई तिच्या गाडीच्या काचेसमोर वाकल्या तेव्हा तिला वाटलं, काचेवर पडलेलं पान काढतायत. जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात दोघी एकाच सरकत्या पट्ट्याशी उभ्या राहायच्या. तिलकुमारी भातावर खारवलेलं लाल फळ ठेवायची, कुरिहाराबाई झाकण लावायच्या. पाळी नुकतीच संपली होती आणि दोघींच्या कपाळावर टोपीचे वळ होते.

"घर्तीसान, रागावू नका हं," कुरिहाराबाई म्हणाल्या. "पण तुमचं शाकेन संपलंय का?"

शाकेन म्हणजे गाडीची सरकारी तपासणी, दर दोन वर्षांनी. ती झाली की काचेला आतून एक छोटी चौकोनी चिठ्ठी चिकटवतात. चिठ्ठीवर एक मोठा आकडा आणि एक लहान. तिलकुमारीला ती चिठ्ठी पाठ होती, म्हणून ती हसली.

"नाही हो, पुढच्या जूनपर्यंत आहे. साल सात, महिना सहा."

कुरिहाराबाईंनी पुन्हा वाकून पाहिलं. "उलटं वाचताय तुम्ही. मोठा आकडा महिन्याचा असतो. साल ते कोपऱ्यातलं, लहान. साल सहा, महिना सात. म्हणजे यंदाचा जुलै." आणि मग, कुणाला ठाऊक नसेल म्हणून, "आता नोव्हेंबर चाललाय."

तिलकुमारीचं हसू तोंडावर तसंच राहिलं, कारण ते काढायचं कसं हे तिला सुचेना. कुरिहाराबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग चारी बाजूंना पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. "मी काही पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. दोनदा वाकल्या आणि आपल्या गाडीकडे गेल्या. एरवी गाडी सुरू करून पाच मिनिटं रेडिओ ऐकत बसणारी बाई, त्या दिवशी बसताक्षणी फाटकाबाहेर गेली. तिच्या त्या घाईनेच तिलकुमारीला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

ती गाडीत बसली. किल्ली हातात होती, पण ती लावायचा धीर होईना.

तिलकुमारीच्या घरात तीन सालं एकत्र नांदत होती. मायदेशी बागलुंगला सासूशी फोनवर बोलताना विक्रम संवताचं दोन हजार एक्क्याऐंशी, बँकेच्या पुस्तकात दोन हजार चोवीस, आणि जपानच्या सरकारी कागदावर नुसतं सहा, कारण इथे सम्राट बदलला की सालं पुन्हा एकपासून मोजतात. या सगळ्यातून वाट काढायला त्यांच्याकडे एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची पंधरा वर्षांची मुलगी स्मारिका. शाळेची चिठ्ठी, पाण्याचं बिल, कचऱ्याचे वार, डॉक्टरचा फॉर्म, सगळं तीच वाचायची. अक्षर दिसलं की स्मारिकाला हाक मारायची, आकडा दिसला की आपलं आपण बघायचं, असा घरचा रिवाजच होता. काचेवरच्या चिठ्ठीवर दोनच आकडे होते. नवरा-बायकोने ते स्वतः वाचले आणि मोठा आकडा सालाचा ठरवला. साल मोठं, महिना लहान, यात स्मारिकाला काय विचारायचं?

गाडी तशी फुकटची. टेकबीर दाइ, म्हणजे टेकबीरदादा, नवऱ्याच्या गावचा माणूस, कायमचा परत निघाला तेव्हा आपली पिवळ्या नंबरची छोटी गाडी त्यांना देऊन गेला. कागद त्यांच्या नावावर करून दिले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बहिणी, तुला नाही देणार तर कुणाला?" ती मोडीत काढायला पैसे पडतात, हे तिलकुमारीला नंतर कळलं. फुकटच्या गाडीला महिन्याचं पार्किंगचं भाडं होतं, मे महिन्यात कर होता, हिवाळ्याची चाकं वेगळी आणि ती ठेवायची जागाही वेगळी. तरी गाडी हवीच होती. कारखाना गावाबाहेर चौदा किलोमीटरवर, आणि तिकडे बस म्हणून जात नाही.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. तिने बोटांवर मोजले. चार महिने ती रोज पोलीस चौकीवरून गेली होती आणि दारातल्या शिपायाला मान लववत होती. तपासणी संपलेली गाडी चालवणं हा इथे नुसता दंडाचा मामला नाही, गुन्हा आहे. तपासणीबरोबर सक्तीचा विमाही संपतो, तो दुसरा गुन्हा. कारखान्यातल्या एका व्हिएतनामी मुलीचा भाऊ असा सापडला होता. तो परत गेला एवढंच तिलकुमारीला ठाऊक होतं, कारण ती मुलगी पुढचं कधी बोलली नाही.

आणि त्यांचा कागद सरकारी कचेरीत पडून होता. जुलैच्या शेवटी त्यांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरला होता. होमबहादूर, तिचा नवरा, बारा वर्षं इथे स्वयंपाकी होता. त्याचा व्हिसा म्हणजे मालकाची सही. मालक साहूजी म्हातारे झाले होते, मार्चमध्ये हॉटेल बंद करून पोखऱ्याला जाणार होते. तोवर कायमचा परवाना आला तर कुणाच्या सहीची गरज उरणार नव्हती. नाही आला तर नवा मालक शोधायचा, आणि नाही मिळाला तर एप्रिलमध्ये स्मारिका इथल्या हायस्कुलात जायच्या ऐवजी बागलुंगला, जिथली अक्षरं तिला धड लिहिता येत नाहीत. त्या अर्जात एक चौकोन होता: आजवर काही गुन्हा, वाहतुकीचासुद्धा? स्मारिकाने आपल्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, नाही.

मग तिला अंडी आठवली. ऑक्टोबरात दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना एका म्हातारीच्या ढकलगाडीला धक्का लागला होता. अंड्यांचा खोका फुटला. म्हातारीच तिची माफी मागत राहिली, तिलकुमारीने नवी अंडी घेऊन दिली आणि घरी येऊन ही गोष्ट हसत सांगितली. स्मारिका तेव्हा जेवणावरून उठून गेली होती. आता तिलकुमारीला दिसत होतं की ढकलगाडीच्या जागी म्हातारीचा पाय असता तर आपल्याकडे विमाच नव्हता. 

तिने नवऱ्याला फोन लावला. पलीकडे तंदूरचा आवाज आणि साहूजींची हाक. दुपारच्या जेवणाची गर्दी होती.

"लवकर बोल, नान जळतेय," होमबहादूर म्हणाला.

तिने सांगितलं. नान बहुधा जळली, कारण साहूजींची दुसरी हाक पहिलीपेक्षा मोठी होती.

"मोठा आकडा सालाचा, असं तूच म्हणाली होतीस," तो शेवटी म्हणाला.

"मी म्हणाले आणि तुम्ही मान डोलावली. लग्नानंतर पहिल्यांदाच माझं ऐकलंत तेही नेमकं तेव्हाच."

"बरं, ऐक. घाबरू नकोस." त्याचाच आवाज बारीक झाला होता. "शेताच्या मधल्या रस्त्याने ये. तिकडे कोण असतं? चार महिने चालवलीस, अजून अर्ध्या तासाने काय होतंय? घरी लाव आणि वर कापड टाक. सोमवारी बघू."

"आणि कुणी अडवलं तर?"

"तर म्हण, भाषा येत नाही."

"आठ वर्षांनी?"

"मग काय, तिथेच राहणार आहेस का?"

तेही खरं होतं. कामगारांची गाडी रात्रभर तिथे राहिलेली चालत नसे. पहारेकरी नंबर टिपून घ्यायचा आणि सकाळी कचेरीत नाव पुकारलं जायचं. तिलकुमारीने किल्ली फिरवली. रोज ऐकलेला इंजिनाचा आवाज तिला आज फार मोठा वाटला. ती हळूहळू फाटकाशी आली. म्हाताऱ्या पहारेकऱ्याने हातातली लाल काठी आडवी धरून मान लववली आणि तिला वाट दिली. समोर रस्ता, पलीकडे भाजी ठेवायची टपरी, आणि टपरीच्या आडोशाला एक काळी-पांढरी गाडी उभी. थांबायच्या रेषेवर न थांबणारे पकडायला पोलीस तिथे अधूनमधून उभे राहतात, हे तिला माहीत होतं. तिला त्यांची कधी भीती वाटली नव्हती, कारण ती त्या रेषेवर नेहमी थांबायची.

 कोणता पाय ब्रेकवर आहे हे बघायला तिला खाली वाकावं लागलं.

"काही विसरलात का?" पहारेकऱ्याने विचारलं.

"पिशवी," ती म्हणाली. पिशवी शेजारच्या सीटवर होती, त्याला दिसत होती.  तिने गाडी मागे घेतली, तिच्या जागी नेली, किल्ली काढली आणि ती छातीशी धरून बसली. 

मग तिने स्मारिकाला फोन केला. शाळेत परीक्षा चालू होती, त्यामुळे पोरगी बारालाच घरी यायची.

"स्मारिका, एक काम होतं. गाडीचे कागद..."

"पकडलं का तुला?" मुलीने विचारलं.

तिलकुमारीने अजून काहीच सांगितलं नव्हतं. "कुणी पकडलं नाही," ती म्हणाली. "मी कारखान्यातच आहे."

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला. मग स्मारिका भराभर बोलू लागली, पाठ केलेलं बोलावं तसं. "आमा, गाडी हलवू नकोस. एक पाऊलसुद्धा नाही. पुढच्या खणात निळं पाकीट आहे, ते घे. चालत आराई गॅरेजमध्ये जा, टेकबीर मामा जायचा तिथे. आधी विमा विकत घ्यायचा. विमा मिळाला की नगरपालिकेत. तिथे थोड्या दिवसांचा नंबर भाड्याने देतात, लाल रेघेचा. तो लावला की गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. खिडकी सव्वापाचला बंद होते. मी सायकलने नगरपालिकेत येते."

"तुला हे सगळं कुणी सांगितलं?"

"चालायला लाग, आमा," स्मारिका म्हणाली आणि फोन ठेवला.

तिलकुमारी चालायला लागली. तीन किलोमीटर, कोबीच्या शेतांमधून, वरून कोरडा गार वारा. टपरीजवळून जाताना तिने पोलिसांच्या गाडीकडे पाहिलं नाही. पायी जाणाऱ्या बाईचं शाकेन कुणी विचारत नाही हे कळत असूनही ती पावलं भराभर टाकत होती. मुलीला सगळं कसं माहीत, हा प्रश्न तिच्याबरोबर चालत होता, आणि त्याचं उत्तर शोधायची तिला भीती वाटत होती.

आराई म्हातारा गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, निळ्या पाकिटातला कागद उलगडला आणि तारखेवर बोट ठेवून दातांतून हवा आत ओढली. त्या देशात दातांतून ओढलेली हवा म्हणजे प्रकरण कठीण आहे.

"तुमची गाडी उचलून आणायला ट्रक पाठवला असता," तो म्हणाला, "पण ट्रक आजच माझ्या जावयाने नेलाय. सोमवारी येईल."

"सोमवारपर्यंत तिथे ठेवता येत नाही."

"मग नंबर आणा." त्याने विम्याचा कागद करून दिला, तिने पैसे मोजून दिले, आणि तपासणीचा अंदाज त्याने एका चिटोऱ्यावर लिहिला. तो आकडा बघून एरवी तिचं डोकं फिरलं असतं. आज तिला तो स्वस्त वाटला. "यंदा जूनमध्ये मी आठवणीचं पोस्टकार्ड पाठवलं होतं," आराई म्हणाला. "परत आलं नाही, म्हणून म्हटलं मिळालं असेल."

तिलकुमारीने कागद पुन्हा निळ्या पाकिटात घातले. आराईच्या बायकोने तिला आपल्या गाडीतून नगरपालिकेच्या दारात सोडलं.

स्मारिका शाळेच्या गणवेशातच होती, बाकावर टोकाला बसलेली, ओठ पांढरे पडलेले. तिलकुमारी तिच्या शेजारी बसली. समोरच्या यंत्राने त्यांना क्रमांक दिला होता आणि त्यांच्या आधी तीन माणसं होती.

"पोस्टकार्ड आलं होतं," तिलकुमारी म्हणाली.

मुलीने फोनच्या कव्हरमधून एक घडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. गणिताच्या वहीचं चौकटीचं पान, आठ घड्या घातलेलं, कडा मऊ झालेल्या. आत ते पोस्टकार्ड. पानावर सगळं क्रमाने लिहिलं होतं, गॅरेज, विमा, खिडकी कोणती, बंद किती वाजता होते, बरोबर काय न्यायचं. वर तारीख होती. ती तिलकुमारीलाही वाचता आली, कारण आकडेच होते. तीन ऑगस्ट.

"तू मला सांगितलं का नाहीस?" तिचा आवाज चढला नाही.

"जूनमध्ये आलं तेव्हा बा माझ्या शिकवणीची फी भरून घरी आला होता. म्हणाला, आता पगारापर्यंत खिशात वारा. म्हटलं उद्या सांगू. मग परत म्हटलं उद्या. मग तारीख गेली." स्मारिका समोरच्या आकड्यांच्या पाटीकडे बघत बोलत होती. "मग मी वाचलं, काय होतं ते. सगळं वाचलं. तोवर तो अर्जही गेला होता, माझ्या अक्षरातला."

"मग तेव्हा सांगायचं."

"तुला माहीत नव्हतं तोवर ती चूक होती, आमा. मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू कामावर कशी गेली असतीस? गाडी काढलीच असतीस. मग तो गुन्हा झाला असता."

 ऑगस्टपासून पोरीने आईच्या गाडीत बसणं सोडलं होतं. पावसातसुद्धा सायकल. मैत्रिणींसमोर पोचे पडलेल्या गाडीतून उतरायची लाज वाटते, असं ठरवून तिलकुमारी तिला टोमणे मारायची, "बाईसाहेबांना मोठी गाडी हवी." आणि शाळा नसेल त्या दुपारी घरी येताना पोरगी खिडकीत उभी दिसायची. आई आली की आत निघून जायची. चार महिने एकटीने ही भीती पोसली होती तिने, त्यांच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून, त्यांचीच बिलं वाचत.

पाटीवर त्यांचा क्रमांक आला.

खिडकीत चष्मा लावलेली एक तरुण बाई होती. तिने विमा पाहिला, परवाना पाहिला, निळ्या पाकिटातला कागद पाहिला, आणि फॉर्म पुढे केला. स्मारिका भरू लागली. नाव, पत्ता, कारण. मग एक ओळ आली, गाडी कुठून निघणार, कोणत्या रस्त्याने, कुठे पोचणार.

"गाडी आत्ता कुठे आहे?" बाईने विचारलं.

 हा प्रश्न त्या चौकटीच्या पानावर नव्हता. कारखान्यात आहे म्हटलं, तर तिथे ती आपल्या पायांनी चालत गेली का? जुलैत तपासणी संपलेली गाडी नोव्हेंबरात चौदा किलोमीटरवर उभी आहे, हे लिहून, सही करून सरकारच्या हातात द्यायचं. तिलकुमारी आपल्या भाषेत, ओठ न हलवता म्हणाली, "घरी आहे सांग. घरीच उभी आहे म्हणावं, जुलैपासून."

स्मारिकाने आईकडे पाहिलं. मग खिडकीकडे वळून ती जपानीत बोलली. वाक्य छोटं होतं, आणि त्यातला एकच शब्द तिलकुमारीच्या कानावर आदळला, या देशात ती सगळ्यात आधी शिकली होती तोच. कोजो. कारखाना.

तिलकुमारीने खिडकीची कड धरली.

"कारखान्यात," बाईने पुन्हा म्हटलं. कागदावरची तारीख पाहिली. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग "जरा थांबा हं," म्हणून फॉर्म उचलून आतल्या टेबलाशी गेली. तिथे एक पिकल्या केसांचा माणूस बसला होता. त्याने फॉर्म वाचला, मान वर करून या दोघींकडे पाहिलं, आणि फोन उचलला.

"पोलिसांना करतोय," तिलकुमारी म्हणाली.

"माहीत नाही," स्मारिका म्हणाली.

"तू का सांगितलंस?"

"माझ्याने आणखी नाही लपवलं जात, आमा." पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण ती पुसत नव्हती. "मला झोप येत नाही."

तिलकुमारीला तिचा राग आला, खरा राग, आणि त्याच क्षणी तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. फोनवरचा माणूस मान डोलवत होता, काहीतरी टिपून घेत होता. तिने मनातल्या मनात घर आवरायला घेतलं. भांडी साहूजींना. गाद्या टाकून द्यायच्या. स्मारिकाची पुस्तकं कुणाला?

माणसाने फोन ठेवला आणि फॉर्म घेऊन स्वतः खिडकीशी आला.

"मुलगी तुमची?" त्याने विचारलं.

"हो."

"पुलाचं काम चालू आहे. आज तो रस्ता उघडा आहे का, ते विचारून घेतलं." त्याने फॉर्मवर रस्त्याचं नाव खोडून दुसरं लिहिलं. "कारखाना, मग नदीकाठचा रस्ता, मग गॅरेज. फक्त आज, फक्त याच रस्त्याने. वाटेत दुकान नाही, घर नाही. कळलं?"

स्मारिका सांगायला वळली, पण तिलकुमारीने आधीच मान हलवली होती. मग तिने तो प्रश्न स्वतःच विचारला, मोडक्या जपानीत, कारण तो मुलीच्या तोंडून विचारायची आता तिची हिंमत नव्हती. "आधीचं... आधी मी चालवली ते?"

पिकल्या केसांच्या माणसाने फॉर्म तिच्याकडे फिरवला. "इथे आधीचं विचारलेलं नाही," तो म्हणाला. "पुढचं विचारलंय. पुढचं खरं लिहिलंय ना?"

"खरं आहे."

"मग सही करा."

त्या शब्दांत माफी होती की नुसता नियम, हे तिलकुमारीला कळलं नाही, आणि पुढे कधी कळणार होतं असंही नाही. लाल तिरकी रेघ मारलेल्या पत्र्याच्या दोन पाट्या तिच्या हातात आल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा ती टॅक्सीत बसली. मीटरचे आकडे पळत होते आणि दोघींपैकी कुणीही तिकडे पाहत नव्हतं.

कारखान्याच्या आवारात उजेड कमी झाला होता. पहारेकऱ्याने न विचारता सुतळी आणून दिली. एक पाटी पुढे, एक मागे बांधली. परवान्याचा कागद काचेमागे ठेवला, बाहेरून दिसेल असा. तिलकुमारी बसली आणि तिने मागचं दार उघडायचा आवाज ऐकायची वाट पाहिली. स्मारिका पुढे आली, शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि पट्टा लावला.

टपरीआडची पोलिसांची गाडी तिथेच होती. तिलकुमारी रेषेवर थांबली, मनात पाचपर्यंत मोजलं आणि वळली. आरशात दिवे हलले. पोलिसांची गाडी मागून निघाली.

"आली मागे," ती म्हणाली.

स्मारिकाने मागे वळून पाहिलं, मग काचेमागच्या कागदाकडे पाहिलं. "येऊ दे," ती म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "आमा, त्या अर्जाचं काय होईल?"

"माहीत नाही, बाळा."

"बाला सांगशील?"

"मी सांगेन. तू नाही सांगायचं. आता तुझं काही सांगायचं राहिलेलं नाही."

नदीकाठचा रस्ता लांब आणि सरळ होता. चाळीसच्या वर तिने काटा जाऊ दिला नाही. मागची गाडीही चाळीसवरच राहिली.  कागद खरा होता, पाट्या खऱ्या होत्या, विमा दोन तासांचा का होईना पण खरा होता, तरी भीती जागची हलत नव्हती. चार महिने न वाटलेली सगळी भीती तिला त्या अर्ध्या तासात वाटून घ्यायची होती. घराकडे वळणारा फाटा आला. तिथून वळलं की पंधरा मिनिटांत आपलं दार. ती सरळ गेली.

पुढच्या चौकात सिग्नल लाल झाला. पोलिसांची गाडी अगदी मागे येऊन थांबली. तिचे दिवे आरशातून थेट आत येत होते. आता कर्ण्यातून हाक येईल, बाजूला घ्या म्हणतील, असं वाटून तिलकुमारीने शेजारी पाहिलं. काय बोलायचं ते मुलीलाच विचारायचं होतं, सवयीने.

स्मारिका झोपली होती. मान खिडकीकडे कलली होती, तोंड जरासं उघडं, पिशवी दोन्ही हातांत धरलेली. त्या दिव्यांचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि तिची पापणीही हलत नव्हती.

तिलकुमारीने पुढे केलेला हात मागे घेतला. सिग्नल हिरवा झाल्यावर तिने धक्का बसणार नाही इतक्या हळू गाडी पुढे घेतली, कागदावर लिहिलेल्या रस्त्यानेच.